शेजारचं कोपर

मला क्रेनवरून खाली उतरवलं त्या दिवशी मी काही पाडलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या यार्डात गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की राईचा पर्वत होतो. झालं होतं इतकंच, की लोखंडी सळ्यांचा एक भारा हवेत लटकत होता, तो खाली ठेवायचा होता आणि मी तो ठेवत नव्हतो. केबिनमध्ये बसल्या बसल्या मला डुलकी लागली होती. खालून शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग कुणीतरी जीव तोडून वाजवतच राहिलं. मी डोळे उघडले आणि भारा अलगद, तान्हं बाळ ठेवावं तसा खाली ठेवला. हे कौतुक मात्र कुणी केलं नाही.

खालून शिट्टी वाजवणाऱ्याला यार्डात सगळे शिट्टीच म्हणतात. तो खाली उभा राहून हाताने इशारे करतो, मी वर बसून क्रेन चालवतो. वरून सगळं दिसत असेल असं लोकांना वाटतं. कसलं दिसतंय! भाऱ्याच्या पलीकडे काय आहे ते खालच्या माणसाच्या हातावरून ओळखायचं असतं. माझी निम्मी नोकरी त्याचा पंजा बघण्यात गेली. आणि हाच शिट्टी त्या संध्याकाळी साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "हा वर झोपतो. आज पहिल्यांदा नाही."

साहेबांनी मला स्टोअरला बसवलं. टनाटनांचं लोखंड उचलणाऱ्या माणसाने आता जाळीच्या खिडकीतून हातमोजे आणि नटबोल्ट द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकतो म्हणून पूर्वी मला चिडवायचे. आता उंट गेला आणि शेळ्याही गेल्या. माझ्या केबिनमध्ये दुसऱ्या यार्डातून एक माणूस आणून बसवला. तो भार असा हिसका देऊन उचलायचा, की साखळीचा आवाज ऐकून स्टोअरमध्ये माझे दात शिवशिवायचे. साहेब म्हणाले, "झोपेच्या दवाखान्यात जा, बरे व्हा, डॉक्टरांचा कागद आणा आणि वर चढा. दोन-तीन महिन्यांत कागद आला नाही, तर ती जागा त्याची." शिट्टीशी मी बोलणं टाकलं.

दवाखान्यात मला डोक्यापासून पायापर्यंत तारा चिकटवून झोपवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास थांबतो. मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो. असं रात्रभर चालतं. म्हणून झोपूनही तुमची झोप होत नाही."

मी घरी येऊन बायकोला हे मोठं गुपित फोडावं तसं सांगितलं. ती शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे आत घेणं, सैल करणं, फॉल-बिडिंग, असली कामं ती घरी करते. तिने दोरा दाताने तोडला.

"एवढ्या तारा लावून हे कळलं का त्यांना? मला विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं."

माझ्या घोरण्याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबांच्या पोटात क्रेन आहे. लग्न होऊन ती लांब गेली, तेव्हा फोनवर पहिली तक्रार कसली केली असेल? तर म्हणे, इथे रात्री फार शांत असतं, झोपच येत नाही. बायकोकडे या घोरण्यावर एकच उपाय होता, तो म्हणजे कोपर. माझ्या डाव्या बरगडीवर, अगदी ठरलेल्या जागी. मी हुं करायचो, कूस बदलायचो आणि पुन्हा झोपायचो. घोरणाऱ्याच्या बायकोला एवढा हक्क असतोच, असं मी धरून चाललो होतो.

तर उपचार म्हणून एक मशीन मिळालं. डब्याएवढं यंत्र, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, म्हणून श्वास थांबत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, आणि माझं उघडायचंच. तोंड उघडलं की सगळी हवा फुस्सकन बाहेर आणि गाल फुगलेले. पहिल्यांदा मला त्या सोंडेसकट बघून बायको एवढी हसली, की तिला पलंगाच्या काठावर बसावं लागलं. मी म्हटलं, "हस. हस. नवऱ्याची नोकरी चालली आहे आणि तुला हसायला येतंय."

"नोकरीला नाही हो हसत. सोंडेला हसतेय."

ते मशीन रोज सकाळी शंभरपैकी मार्क देतं. किती वेळ वापरलं, हवा कुठे निसटली, श्वास किती वेळा थांबला, यावरून. आमच्या मुलीने ते आपल्या फोनला जोडून घेतलं. चहाचा पहिला घोट घेतोय तोवर तिचा फोन. "बाबा, आज नव्वदच्या वर! शाब्बास!" शाळेत मला असे मार्क जन्मात पडले नव्हते, पण तेव्हा अभ्यास जागेपणी करायचा असायचा.

मशीनबरोबर दवाखान्याने मनगटावर बांधायला एक पट्टाही दिला होता. झोप सलग लागते की तुकड्यातुकड्यांत, ते तो दाखवायचा. सलग झोपेची काळी पट्टी, आणि जाग आली की तिथे लाल रेघ. माझी रात्र म्हणजे लाल रेघांचा नुसता कंगवा होता. मशीन म्हणायचं पास, पट्टा म्हणायचा नापास. आणि मी स्वतः? मी दुपारी स्टोअरच्या खिडकीत पेंगत एका माणसाला दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे दिले. तो ते घेऊन गेलाही, म्हणजे तोही माझ्याच जातकुळीतला असणार.

दवाखान्यात हे आकडे बघायला एक मुलगी होती. मी तिला मनात झोपवाली म्हणायचो. ती पडद्यावर बोट फिरवून म्हणाली, "काका, श्वास तर आता जवळजवळ थांबतच नाही. मशीन छान काम करतंय. मग तुम्हाला जाग कशाने येते?"

"ते तुम्ही सांगायचं!"

"चहा किती घेता? खोलीत उजेड येतो का? पाठ दुखते का?"

"पाठ नाही, बरगड्या दुखतात. डावीकडच्या. या मशीनने बरगड्या दुखतात का हो?"

तिने असं काही ऐकलं नव्हतं. तरी तिने ते लिहून घेतलं.

मग मी घरात चोर शोधायला लागलो. संध्याकाळचा चहा बंद केला. खिडकीला जाड पडदा लावला. नळाचं वायसर बदललं. शेजाऱ्यांच्या फाटकाच्या बिजागरीला त्यांना न विचारता तेल घातलं. उशी बदलली, मग तीही आवडेना म्हणून जुनी परत काढली. लाल रेघा जिथल्या तिथे. दवाखान्यात एक परीक्षा असते, मंद उजेडाच्या खोलीत दिवसा आरामखुर्चीत बसवतात आणि नुसतं जागं राहायचं असतं. एवढंच काम. मी त्यात नापास झालो. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाले, "यानंतर मात्र मला तुमच्या साहेबांना काय ते कळवावं लागेल."

त्याच सुमारास बायकोचंही काहीतरी बिनसलं. सुईत दोरा ओवताना ती थांबून राहायची. एकदा तिने एका बाईच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला मजा वाटली.

"काय गं, माझा आजार लागला की काय तुला?"

"लागेल नाहीतर काय. तुमचं ते यंत्र आल्यापासून घरात इतकी शांतता असते, की डोळ्याला डोळा लागत नाही."

"लोकांच्या बायका यासाठी नवस बोलतील," मी म्हटलं आणि विसरून गेलो.

परीक्षेच्या आधी एकदा मास्क नीट बसतो का ते बघायला झोपवालीने बोलावलं. बायकोला म्हटलं, चल, येताना बाजारात जाऊ. दुपारची वेळ होती. खोलीत दोन आरामखुर्च्या शेजारी शेजारी होत्या. एकीत मला बसवलं, मास्क चढवला, मशीन सुरू केलं. दुसरीत, माझ्या डाव्या हाताला, बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली. झोपवाली समोर पडद्याकडे बघत होती. मशीनची हवा लागली की मला लगेच गुंगी येते. बायकोही थकलेली होती. तिने मान मागे टेकली आणि दोघंही झोपी गेलो.

बरगडीत फाडकन काहीतरी बसलं तेव्हा मी दचकून उठलो. मास्क सरकला, हवा फुस्स झाली.

"बघा!" मी म्हटलं. "हे असं होतं! मशीन धक्का मारतं!"

झोपवालीने तोंडावर हात ठेवला होता. तिने बोटाने शेजारी दाखवलं. बायको गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवर. तिचं उजवं कोपर मात्र माझ्या खुर्चीच्या हातावरून आत आलेलं होतं.

"काका, मशीनने नाही. काकूंनी मारलं."

"झोपेत?"

"झोपेत. पुन्हा डोळे मिटा बरं. मी बघते."

मी मास्क सारखा करून डोळे मिटले, पण झोपलो नाही. मुकाट्याने श्वास घेत राहिलो. मशीनमध्ये श्वासाचा आवाज होत नाही. खोलीत अगदी शांत होतं. थोड्याच वेळात शेजारून कोपर आलं, ठरलेल्या जागी. मी मान वळवून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. बिचारीला पत्ताही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि मी शेजाऱ्यांच्या फाटकाला तेल घालत बसलो होतो!

झोपवालीने तिला हळूच हलवून उठवलं आणि विचारलं, "काकू, काका घोरायला लागले की तुम्ही कोपर मारता का?"

"छे!" बायको डोळे चोळत म्हणाली. "घोरत असतात तोवर मी निवांत असते. घोरणं थांबलं की मारते."

मी मास्क काढला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? आवाज थांबला म्हणजे श्वास थांबला. मग उठवायला नको? लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा आवाज बंद झाला. मी वाट बघतेय, बघतेय, श्वासच येईना. घाबरून कोपर मारलं, तर मोठ्ठा श्वास घेतलात आणि पुन्हा सुरू. मला वाटलं, नशीब मी जागी होते. मग ती जाग कायमचीच राहिली. नंतर नंतर झोपेतच व्हायला लागलं असेल, मला कुठे कळतंय." मग तिने आम्हा दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का? काय झालं?"

झोपवालीने तिला समजावून सांगितलं. आता मशीनमुळे श्वास चालू असतो, पण आवाज मुळीच नसतो. आवाज नाही म्हणजे श्वास नाही, हे काकूंच्या कोपराला पक्कं ठाऊक. म्हणून ते रात्रभर काकांना वाचवतं. लाल रेघा त्याच्याच.

मी इतकी वर्षं समजत होतो, माझ्या घोरण्याचा वैताग येऊन ती मारते.  मी हातातल्या मास्कचा पट्टा उगाच ओढत बसलो. आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"म्हणजे तुमची क्रेन माझ्यामुळे गेली?"

"वेडी आहेस का? क्रेन माझ्या घशामुळे गेली. तुझ्यामुळे मी राहिलो."

 बाजारात गेलो नाही, तसेच घरी आलो.

त्याच दिवशी तिने आपली गादी शिवणाच्या खोलीत नेली. म्हणाली, "परीक्षेपर्यंत तरी." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर काळी पट्टी दिसली, अशी की मी सांगितल्यावर मुलगी फोनवर ओरडलीच. चार-सहा दिवसांत माझं डोकं हलकं झालं. दुपारची पेंग गेली. स्टोअरमध्ये मी सगळे नटबोल्ट मापाप्रमाणे लावून टाकले. कागद आता हातात आल्यासारखाच होता.

पण एका सकाळी मी लवकर उठून दार उघडलं, तर दाराबाहेर खुर्ची. खुर्चीवर तिची शाल, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि डोळे तांबडेलाल.

"इथे बसली होतीस?"

"झोप येत नव्हती, म्हणून टाके घालत बसले."

"रोज?"

"दार लावलं की काहीच कळत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही लक्ष देऊ नका. तुमची परीक्षा होऊ दे."

लक्ष कसं देऊ नको? एकाने झोपायचं आणि एकाने दाराबाहेर पहारा द्यायचा. असा कागद घेऊन वर चढून मी करणार काय होतो? मी तिला ओरडलो. तीही ओरडली. डबा न घेताच मी कामावर गेलो.

स्टोअरच्या खिडकीतून यार्ड दिसतं. शिट्टी नेहमीच्या जागी उभा होता आणि तो नवा माणूस एक जड तुळई हळूहळू खाली आणत होता. शिट्टीचा पंजा खालीवर हलत होता. सगळं ठीक असलं तरी तो हात हलत राहतो. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. तो हलतोय तोवर वरचा माणूस निवांत असतो. हात थांबला, की वरच्याने थांबायचं. हे मी आयुष्यभर पाळलं. आणि मला तेव्हा कळलं, की माझ्या बायकोचा इशारा मी काढून घेतला आहे. तिला नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून चालणार नाही. तिला हलणारा हात पाहिजे.

तुळई टेकल्यावर मी बाहेर गेलो. शिट्टीसमोर उभा राहिलो.

"हात चांगला चालवतोस," मी म्हटलं.

"बोललास एकदाचा! अरे, मी साहेबांना सांगितलं ते—"

"गप. तू बोंबलला नसतास तर तो भारा माणसावर ठेवला असता मी. डबा विसरलोय. तुझ्यातलं दे काहीतरी."

त्याने निम्मा डबा दिला, आणि वर लोणच्यासारखी शिवीही दिली.

घरी जाऊन मी पहिल्यांदा तिची गादी परत आणली. मग मशीन माझ्या उजव्या बाजूच्या टेबलावरून उचललं आणि तिच्या बाजूला, तिच्या उशापाशी ठेवलं. आता नळी तिच्या अंगावरून माझ्याकडे यायची. मी आडवा झालो, मास्क लावला आणि तिचा हात नळीवर ठेवला. बोलता येईना, म्हणून नुसता श्वास घेतला आणि सोडला. श्वास सोडला की नळी जराशी थरथरते, घेतला की सैल पडते. तिने लक्ष देऊन पाहिलं. मी पुन्हा श्वास घेतला.

"हलतंय," ती म्हणाली.

पहिल्या काही रात्री कोपर आलंच. इतक्या वर्षांची नोकरी ते अशी सोडणार थोडंच! पण रेघा विरळ होत गेल्या. झोपवालीने पट्ट्यावरची काळी पट्टी पाहिली, नळीची हकिकत ऐकली आणि म्हणाली, हे आमच्या पुस्तकात नाही, पण चालू ठेवा. परीक्षेच्या दिवशी त्या मंद खोलीत मी टक्क जागा बसलो होतो. इतका कंटाळा मला जन्मात आला नव्हता, आणि कंटाळा यायला जागं असावं लागतं. डॉक्टरांनी सही केली.

क्रेनवर परत जायचं त्या सकाळी मला आपली आपण जाग आली. शेजारी बायको झोपलेली होती. मी मास्क काढला, मशीन बंद केलं, तरी ती उठली नाही. तळहात नळीवर तसाच होता. कपाळावर एकही आठी नव्हती, आणि ती चक्क बारीकशी घोरत होती. मी बघतच राहिलो. रात्री मी तिच्याआधी झोपायचो, सकाळी तिच्यानंतर उठायचो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण पलंगावर गाढ झोपलेली बायको मी कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे मधला सगळा वेळ ती काय करत होती, ते मला त्या सकाळी नीट कळलं. मी आवाज न करता चहा केला, तो वाईट झाला, तरी प्यायलो. दार हळूच ओढून घेतलं.

शिडी चढून वर गेलो. खुर्ची त्या दुसऱ्या माणसाने पुढे ओढून ठेवली होती, ती मागे घेतली. खाली शिट्टीने पंजा वर केला. मी पहिला भार उचलला आणि साखळीचा आवाजही झाला नाही.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा वॉकीटॉकी खरखरली. केबिनमध्ये फोन नेता येत नाही, म्हणून घरचे शिट्टीला फोन करतात.

"वहिनींचा फोन आहे रे. भयंकर चिडल्यात."

"का? काय झालं?"

"आत्ता उठल्या म्हणे. आज पहिला दिवस आणि मला उठवलं का नाही, म्हणून विचारतायत. काय सांगू?"

भार माझ्या हुकाला होता. शिट्टीचा एक हात कानाशी, दुसरा हलत होता. मी भार पूर्ण खाली टेकवला, मगच बोललो.

"सांग तिला, मी जागा आहे. म्हणावं, झोप अजून थोडी."